पोटांतलें कपाळ

आरोंद्यास तेरेखोलच्या कांठीं राहणारा एक तरुण माडावरून पडला. मेंदूस सूज चढूं लागली, तेव्हां डॉक्टरांनीं कपाळापासून कानशिलापर्यंतचा कवटीचा तुकडा काढून सुजेला वाट करून दिली, आणि तो तुकडा त्याच्याच पोटाच्या कातडीखालीं ठेवला. तीन महिन्यांनीं तो पुन्हां जागेवर बसविला. मुलगा आतां हिंडूं-फिरूं लागला आहे. त्याच्या आईनें मात्र मला विचारलें, "मास्तरानू, सटवीन लिवलेलां तां पोटात पुसलां तर नाय मां?"

मी हंसलों खरा. पण प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. शरीराच्या एखाद्या भागास आपण 'माझा' म्हणतों तें कशाच्या आधारावर? तो जन्मापासून जवळ आहे म्हणून, असें म्हणावें, तर शरीरच ही साक्ष फिरवितें. परत बसविलेलें स्वतःचें हाड कधीं कधीं, विशेषतः लहान मुलांत, हळूहळू विरून जातें. मग टिटेनियमचा पत्रा बसवावा लागतो. त्यास शरीर आपला म्हणत नाहीं, बहुधा परकाही म्हणत नाहीं.

पुण्याची एक जुनी हकीकत येथें आठवते. टिपूशीं झालेल्या १७९२ च्या लढाईंत इंग्रज फौजेचे बैल हांकणारा कावसजी नांवाचा मराठा शेतकरी पकडला गेला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षानें पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिरानें त्याला नवें नाक करून दिलें. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाचा करून कपाळावर ठेवला, भोंवतीं रेघ ओढली, तेवढी कातडी सोडविली, आणि भुंवयांमधील पट्टी न तोडतां ती खालीं वळवून बसविली. वर कातानें माखलेल्या चिंध्या. हें वृत्त लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्यें १७९४ सालीं छापून आलें, आणि १८१४ सालीं जोसेफ कार्प्यू यानें त्याच पद्धतीनें तेथें नाक केलें. रोग्याचें नांव राहिलें. कारागिराचें कोणीं टिपून ठेवलें नाहीं. ज्याचें त्याचें कपाळ!

त्या अरुंद पट्टींत सारें मर्म आहे. ती सुमारें पंचवीस दिवस राखीत. तोंवर जुन्या जागेचें रक्त तिच्यांतून पोंचत राही. नवी जागा आपलें रक्त देऊं लागली, कीं मगच ती कापीत. कपाळाचें नाक झालें तें या देण्यानें. मालकीची भाषा येथें अपुरी पडते. पोटांतलें हाड मालकीनें त्या मुलाचेंच होतें. परंतु डोक्यावर आल्यानंतर तें पुन्हां त्याचें होणार, तें भोंवतालच्या जिवंत हाडानें त्यांत शिरून त्याला नव्यानें घडविलें तर. यास काळ लागतो, आणि तें घडेलच असा भरंवसा कोणी देत नाहीं.

म्हणून त्या माउलीला मीं एवढेंच सांगितलें, कीं लिहिलेलें टिकलें कीं पुसलें, तें डॉक्टर अजून वर्षभर पाहणार आहेत.