होडेचा ससा आणि पटाची जोडी

अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, माणसं लांबून येतात ती काही सेकंदांच्या धावेसाठी. जोडी सुटते, छकड्यावरचा धुरकरी पुढे ओणवतो, दोन्ही अंगांनी आरोळ्या उठतात आणि धुरळा बसायच्या आत सगळं संपलेलं असतं. पुणे जिल्ह्यातल्या शर्यतीच्या घाटात बैलांच्या पुढे घोडी पळते. वऱ्हाडात सारा जीव बैलजोडीवर.

खेळाच्या नावातच शंकर आहे आणि पळणारा त्याचा नंदी. मग हा आनंद निर्मळ का मानू नये?

न्यायालयाने या प्रश्नावर एकाहून अधिक वेळा विचार केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही थांबवल्या. प्राण्यालाही प्रतिष्ठा असते, असं सांगितलं. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आता नियमांनुसार धाव १००० मीटरच्या आत हवी, चाबूक नको, विजेचा झटका नको. अटी मोडल्या तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

हे सारे नियम आयोजकाला, मालकाला, धुरकऱ्याला. कुंपणाला टेकून ओरडणाऱ्याला एकही नाही.

त्याच्याविषयीचा प्रश्न अमरावती जिल्ह्यातल्याच एका ग्रंथात सापडतो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपुरात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. त्यात पारध्यांनी पिटाळलेला एक ससा महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या गुडघ्याखाली शिरतो. मागोमाग पारधी येतात आणि ससा सोडा म्हणतात. शरण आलेल्याला मरण कसं, असं स्वामी विचारतात, तेव्हा ते सांगतात की हा होडेचा ससा आहे, याच्यापायी आमच्यात सुऱ्या निघायची वेळ आली. सशामागे त्यांना भूक पळवत नव्हती, होड पळवत होती. एकाने पैज घातली, बाकीच्यांनी ती मनावर घेतली आणि तेवढ्यावर एका जिवाची छाती फुटेस्तोवर धाव सुरू झाली. स्वामी पारध्यांशी बोलतात, त्या मुक्या जिवाचा अपराध काय ते विचारतात आणि मग गुडघा उचलून सशाला वाट देतात.

बैल मात्र ससा नव्हे, हे शेतकरी ठासून सांगतो आणि त्याचं म्हणणं हलकं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो बैलाचे खांदे शेकतो, हळद-तूप चोळतो, कानाशी जेवणाचं आवतण देतो. ट्रॅक्टर आल्यावर गोठे ओस पडत गेले. पटाच्या जोडीला निदान खुराक मिळतो, घरात मान मिळतो. हे प्रेम खरंच आहे. पण ते शर्यतीआधी आणि शर्यतीनंतर गोठ्यात असतं. धावपट्टीवर हजारो अनोळखी डोळे असतात, त्यांना फक्त वेग हवा असतो, आणि धुरकऱ्याचा हात शेपटीकडे जातो तो त्या आरोळीच्या जोरावर. आरोळी ठोकणारा स्वतःला निव्वळ बघ्या समजतो. होड त्याच्याच तोंडून वाढत असते.

महानुभावांच्या अहिंसेची आणि जत्रांतल्या पशुहत्येविरुद्ध आयुष्यभर कीर्तनं करणाऱ्या गाडगेबाबांची ही भूमी. बाबांचं लहानपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाची गुरं राखण्यात गेलं; मुक्या जिवाची ओळख त्यांना पोथीच्या आधी रानात झाली.

धाव संपते. जू उतरतं, बैलाच्या बरगड्या भात्यासारख्या हलत राहतात, मालक पाठीवर झूल टाकतो. तिकडे बघायला कोणी थांबत नाही. गर्दीने पुढच्या जोडीकडे माना वळवलेल्या असतात.