बार्शीची ये-जा

बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यात आहे, पण त्याच्या सोयरिकी, बाजार आणि वाटा पूर्वीपासून मराठवाड्याकडे वळलेल्या आहेत. उत्तरेला आणि पूर्वेला भूम, परांडा, वाशी, कळंब, धाराशिव, तुळजापूर. पश्चिमेला आणि दक्षिणेला माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर. बालाघाटाचे डोंगर उतरून आलेला माणूस पहिल्यांदा विसावतो तो बार्शीच्या पेठेत. तालुक्यात कोण आले आणि तालुक्यातून कोण गेले याचा हिशेब मांडताना हा विसावा ध्यानात ठेवावा लागतो. येणारे आणि जाणारे अशी दोन वेगळी खाती घातली, तर बार्शीचा हिशेब जुळत नाही.

१९४८ पर्यंत इथली सरहद्द खरीखुरी होती. बार्शी मुंबई इलाख्यात, आणि भोवतालची बरीच गावे निजामाच्या हैदराबाद संस्थानात. बालाघाटावरचा कापूस, करडई, जवस बैलगाड्यांनी बार्शीत उतरे आणि इंग्रजी मुलखातून मुंबई बंदराकडे जाई. पेठेत माल आला की माणसे येतातच. अडत घालणारे गुजराती, मारवाडी आणि लिंगायत व्यापारी आले, त्यांच्यामागे हमाल, मापाडी, गाडीवान आले, सरकी काढण्याचे आणि गठ्ठे बांधण्याचे कारखाने उभे राहिले. १८६५ मध्ये नगरपालिका झाली. १९०१ च्या जनगणनेत शहराची वस्ती २४ हजारांच्या घरात होती. पाऊस बेताचा, मोठी नदी जवळ नाही, तरी एवढे गाव वसले, कारण ते दोन राज्यांच्या शिवेवर होते.

शिवेपलीकडून माणसे आणखी एका कारणाने येत. हैदराबाद संस्थानात सरकारी कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठीत शिकायचे तर मुलाला सोलापूर-बार्शीकडे ठेवावे लागे. कोणा नातेवाइकाच्या घरी किंवा वसतिगृहात राहून शिकलेली ही मुले पुढे बरीचशी परत गेली. काही इथेच वकिली, मास्तरकी, दुकान करून राहिली. शिकण्यासाठी बार्शीत येण्याचा हा प्रघात सरहद्द गेल्यावरही टिकला. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाच्या शाळा-महाविद्यालयांनी त्याला बळ दिले.

१८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ही लहान गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभी केली. मुंबई-मद्रास मार्गावरचे जे स्थानक तेव्हा ‘बार्शी रोड’ म्हणून ओळखले जाई, ते आजचे कुर्डुवाडी. तिथून ती बार्शीपर्यंत येई. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. रेल्वेने बार्शीचा फायदाच केला, असे सरसकट म्हटले जाते. ते पहिल्या चौदा वर्षांपुरते खरे आहे. रूळ बार्शीत संपत होते तोवर घाटावरचा सारा माल आणि त्यामागची माणसे बार्शीत थांबत. रूळ लातूरला गेले आणि तिथला माल तिथेच डब्यात भरता येऊ लागला. ज्या गाडीने बार्शीला पेठ दिली, तिनेच पुढे पेठेचा वाटेकरी उभा केला. पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि शिवेवरच्या गावाचा उरलासुरला विशेषही गेला. लहान गाडीच्या जागी रुंद रूळ यायला २००८ साल उजाडले. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी पुरवणाऱ्या ‘जलदूत’ गाड्या मिरजेहून याच वाटेने धावल्या.

सरहद्दीवरून आलेला सर्वांत मोठा लोंढा मात्र व्यापाराचा नव्हता. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भयाने संस्थानातली कुटुंबेच्या कुटुंबे इंग्रजी अमलातून नुकत्याच स्वतंत्र झालेल्या या भागात आली. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांच्या सरहद्दीवरच्या छावण्याही याच पट्ट्यात होत्या. त्या वर्षी बार्शीला जाणे सोपे राहिले नव्हते, कारण वाट मध्येमध्ये निजामी गावांतून जाई. जुलै १९४८ मध्ये सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नज येथे भारतीय सैन्याच्या तुकडीवर हल्ला झाला. १७ सप्टेंबरला हैदराबाद शरण आले आणि बहुतेक निर्वासित आपापल्या गावी परतले. थोडे मागे राहिले. लोंढा आला, ओसरला आणि ओसरताना थोडा गाळ ठेवून गेला.

असेच ओसरणे याआधी दुष्काळात दिसले होते, फक्त उलट्या दिशेने. १८७६-७८ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा मोडून टाकला. १८७२ मध्ये सुमारे ७ लाख १९ हजार असलेली जिल्ह्याची लोकसंख्या १८८१ मध्ये ५ लाख ८२ हजारांवर आली. पण १८९१ मध्ये ती साडेसात लाखांवर गेली. त्या काळचे मृत्यूचे प्रमाण पाहता दहा वर्षांत एवढी भर केवळ जन्मांनी पडणे शक्य नाही. म्हणजे १८८१ च्या गणनेत जे सापडले नाहीत, ते सगळे मेले नव्हते. बरेचजण निघून गेले होते आणि पाऊस पडल्यावर परतले.

या भागात दुष्काळात गाव सोडण्याला ‘जगायला जाणे’ म्हणतात. अमुक घर जगायला गेले, असे सांगणारा त्यातच ते घर परत येणार आहे हेही सांगतो. शेत विकलेले नसते, घराला कुलूप असते, म्हातारी माणसे मागे असतात. १९७२ च्या दुष्काळात सरकारने खडी फोडण्याची, नालाबांधाची, रस्त्यांची कामे गावाजवळ काढली तेव्हा जगायला जाण्याची गरजच काही प्रमाणात हटली. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. माणसाला गावात राहू देणारे काम गावात मिळाले तर तो राहतो, ही गोष्ट त्या कामांनी या भागापुरती तरी सिद्ध केली.

तालुक्यातल्या पावसाची सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास आहे आणि ती सरासरी फसवी आहे. एका वर्षी दुप्पट, दुसऱ्या वर्षी निम्मा. १९८० मध्ये पुरे झालेल्या उजनी धरणाने माढा, पंढरपूर या तालुक्यांत ऊस वाढवला. बार्शीचा बहुतेक भाग त्या कालव्यांबाहेर राहिला. हिंगणी, जवळगावसारखे मध्यम प्रकल्प, विहिरी आणि बोअर यांच्यावर इथली शेती उभी आहे. पूर्वी रब्बीची ज्वारी हे मुख्य पीक होते. बार्शीच्या बाजारातली ज्वारी, तूर आणि चिंच दूरवर जाते. शेजारच्या तालुक्यात पाणी आणि आपल्याकडे कोरड, या जवळच्या फरकाने जेवढी माणसे हलली तेवढी कोणत्याही दूरच्या शहराने हलवली नसतील.

हे हलणे ऊसतोडीचे. ऊसतोडीला जाणारे बीड जिल्ह्यातले सर्वाधिक, पण भूम-परांड्याचा आणि बार्शीचा डोंगराळ भागही त्या वाटेवर आहे. पावसाळ्यात मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल कोयत्यावर असते, माणसावर नसते. त्यामुळे एकट्या माणसाला उचल मिळणे अवघड, आणि लग्न लवकर उरकण्याकडे कल. दसऱ्यानंतर ट्रॅक्टर येतो. ट्रॉलीत ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, तवा, पातेली, पाण्याची घागर, राहायच्या कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, एखादी शेळी, कोंबड्यांची डालगी, आणि या सगळ्यांवर बसलेली पोरे. घरी राहते ती आजी, आणि शाळेत घातलेला एखादा नातू. चैत्र-वैशाखात हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की हीच ट्रॉली परत येते. पाच-सहा महिने तालुक्याबाहेर, उरलेले तालुक्यात: या माणसांना बार्शीचे म्हणायचे की कारखान्यावरचे?

जनगणनेपुढे हा प्रश्न दर दहा वर्षांनी येतो. भारतात गणना फेब्रुवारीत होते. २०११ मध्ये ती ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. नियम असा, की गणनेच्या काळात माणूस आपल्या नेहमीच्या घरी एक दिवस जरी असला तरी त्याची नोंद तिथेच. संपूर्ण काळ बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे. फेब्रुवारी हा ऊसतोडीचा भर. कोपीतला माणूस त्या तीन आठवड्यांत घरी येत नाही. त्याची मोजणी कारखान्याच्या गावात होते, आणि त्याच्या गावाचा आकडा तेवढाच खाली जातो.

हा दोष ध्यानात ठेवूनच पुढचे आकडे वाचावेत. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली, पुणे जिल्ह्याची ३० टक्क्यांवर, सोलापूर जिल्ह्याची १२ टक्क्यांच्या आसपास, तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्याची साडेअकरा टक्के. जन्म-मृत्यूंच्या प्रमाणात या जिल्ह्यांत एवढे अंतर नाही. बराचसा फरक माणसे गेल्याने पडला आहे. बार्शी शहराची वस्ती या काळात सुमारे १ लाख ५ हजारांवरून १ लाख १८ हजार ७२२ झाली. मध्यम आकाराच्या शहराची ही वाढ हळू आहे. त्यावरून बार्शी साचली, असा निष्कर्ष काढला जातो, तो घाईचा आहे.

अर्न्स्ट रावेनस्टाइन या भूगोलतज्ज्ञाने १८८५ मध्ये ब्रिटिश जनगणनेवरून स्थलांतराचे काही नियम मांडले. त्यातले दोन बार्शीला थेट लागू पडतात. बहुतेक माणसे जवळच जातात, हा एक. शहराच्या लगतची माणसे शहरात शिरतात आणि त्यांनी रिकामी केलेली जागा आणखी लांबची माणसे भरतात, हा दुसरा. बार्शीत नेमके हेच घडते. शहरातला शिकलेला मुलगा हडपसर, भोसरी किंवा चाकणला जातो. तालुक्यातल्या खेड्यातले कुटुंब मुलांच्या शिक्षणासाठी बार्शीत खोली घेते. भूम-परांड्याचा माणूस बार्शीच्या बाजारात हमाली, गवंडीकाम, दुकानातली नोकरी धरतो. वरून आकडा जवळजवळ स्थिर दिसतो, आणि आत माणसे पायरीपायरीने सरकत असतात. गिरणीच्या काळातही असेच होते. बार्शीत कापडगिरण्या चालत होत्या तोवर खेड्यातल्या माणसाची धाव बार्शीपर्यंतच होती. गिरण्या मंदावल्या तशी ती पुण्यापर्यंत लांबली.

पुण्याला गेलेला मात्र तुटत नाही. रात्री बार्शीहून पुण्याला निघणाऱ्या गाड्यांच्या पोटात पोत्यांची दाटी असते: ज्वारीचे पीठ, तुरीची डाळ, शेंगांची चटणी, चवडीने बांधलेल्या कडक भाकरी. पोत्यावर जाड पेनाने नाव आणि उतरण्याचा थांबा लिहिलेला असतो. पैसा उलट दिशेने येतो आणि त्यातून बोअर, पत्र्याचे शेड किंवा घराचा दुसरा मजला होतो. २०२० च्या टाळेबंदीत शहरातले काम थांबले तेव्हा माणसे याच घरांत परतली. कुलूप लावून ठेवलेले घर किती कामाचे असते, ते त्या उन्हाळ्यात कळले.

सर्वांत मोठे स्थलांतर मात्र कोणी स्थलांतर म्हणून बोलतच नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींवर माणसे जन्मगाव किंवा आधीचे गाव सोडून राहत असल्याचे आढळले. त्यात दोन तृतीयांशांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि त्यांच्या बाबतीत मुख्य कारण लग्न. बार्शीच्या लेकी परांडा, कळंब, माढा, मोहोळला जातात आणि तिकडच्या बार्शीत येतात. हे अंतर सहसा एका एसटीच्या तिकिटाएवढे असते. निजामाच्या काळातही या सोयरिकी सरहद्द ओलांडून होत होत्या. पुरुषाचे जाणे नोकरी म्हणून नोंदले जाते आणि स्त्रीचे जाणे लग्न म्हणून. ती सासरी पोचताच दुसऱ्याच्या रानात खुरपायला किंवा कोयत्याला जोडीने उभी राहते, ही तिची मजुरी स्थलांतराच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

आजारपणाने बार्शीत येणाऱ्यांचा ओघ वेगळा आहे. नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयामुळे मराठवाड्यातून रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक इथे आठवडेच्या आठवडे मुक्कामाला असतात. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणीही १९८७ मध्ये इथेच सुरू झाली आणि तिच्या क्षेत्रात बार्शी, परांडा, भूम हे तीन तालुके धरले गेले. जिल्ह्यांच्या आणि जुन्या राज्यांच्या शिवा ओलांडून हे तालुके एकत्र घेणे योग्यच होते, कारण इथली माणसे रोजच्या व्यवहारात तसेच जगतात. अशा नोंदणीला आधी रहिवासी कोण ते ठरवावे लागते: किमान एक वर्ष त्या क्षेत्रात राहिलेला तो रहिवासी. उपचारासाठी येऊन खोली घेतलेला माणूस मोजणीत येत नाही, आणि मुंबईला उपचार घेणारा बार्शीचा माणूस शोधून मोजावा लागतो.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा संदर्भक्षण ठरला आहे, म्हणजे माणसे मोजली जातील ती पुन्हा फेब्रुवारीत. बार्शीच्या शिवारात तेव्हा रब्बीची ज्वारी काढणीला आलेली असेल, आणि कोयता धरलेली घरे कारखान्यांच्या फडांवर असतील.