पाहुण्यांची भिंत

चर्चनं पत्राचा नमुना आयता दिला होता. गाळलेल्या जागा भरा आणि पाठवा. मी अमुक अमुक, जुलैमध्ये एक आठवडा होंडुरासला सेवेसाठी जात आहे, माणशी खर्च १,९०० डॉलर, आपण प्रार्थनेनं किंवा पैशानं हातभार लावावा. खाली कार्डावरून पैसे भरायची लिंक. आमच्या बाराजणांपैकी बहुतेकांनी एका संध्याकाळी पन्नास-साठ लोकांना ते पाठवूनही टाकलं. माझं तीन आठवडे ड्राफ्टमध्ये पडून होतं.

मी मूळचा नगरचा, मराठी ख्रिस्ती, वय अठ्ठावीस. चार वर्षं डॅलसजवळ नोकरी करतोय. इथल्या चर्चमध्ये माझ्या वयाची पोरं उन्हाळ्यात 'मिशन ट्रिप'ला जातात, तितक्याच सहजपणे जितके आपण कॉलेजात एनएसएसच्या कॅम्पला जायचो. यंदा मीही हो म्हणालो. तयारी जोरात सुरू आहे. चार रविवार उपासनेनंतर प्रशिक्षण. टायफॉइड आणि हेपटायटिस एची लस. स्वतःची साक्ष तीन मिनिटांत सांगायचा सराव (माझी साडेसहा मिनिटांची होती, कापून कापून तिच्यातून देवच निघून जाईल की काय असं वाटलं). मुलांसाठी एक मूकनाट्य, सहा स्पॅनिश वाक्यं आणि पिवळे टीशर्ट. बाकी अकराजण अमेरिकन, त्यांना व्हिसा लागत नाही. मदत करायला निघालेला मी एकटाच असा, ज्याला परत आत घेतील ना याची काळजी आहे.

सकाळी शाळेच्या एका खोलीच्या भिंती बांधायच्या आणि दुपारी मुलांबरोबर कागदकाम, असा कार्यक्रम आहे. फॉर्मवर 'तुमची कौशल्यं' असा रकाना होता. मी 'जावा, डेटाबेस' असं लिहिलं. टीमलीडर हसून म्हणाला, पुरेसं आहे! मला हसू आलं नाही. माझे आजोबा गवंडी होते. ओळंबा धरून एका डोळ्यानं भिंतीकडे बघत उभे राहायचे, तेव्हा त्यांच्याशी बोलायची घरात कुणाची टाप नव्हती. विटेचा एक थर बिनसला की वरचे दहा थर त्याची चूक वाहतात, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या थापीला हात लावलेला त्यांना आवडत नसे. आता तीच थापी मी परक्या देशात धरणार, कारण काय, तर माझं मन चांगलं आहे.

पण पत्र अडलं ते यामुळे नाही. मी नऊ वर्षांचा असताना आमच्या शाळेत असाच एक गट आला होता. परदेशी, पंधरा-वीस जण, सगळ्यांचे सारखे टीशर्ट. त्यांनी पाच दिवसांत शाळेची कंपाउंडची भिंत रंगवली, आकाशी रंगात, वर ढग. आम्हाला आठवडाभर अभ्यास नव्हता. एका उंच मुलीनं मला लाल टोपी दिली, माझ्याबरोबर फोटो काढला आणि पत्र लिहीन म्हणाली. मी पत्ता लिहून दिला, पिनकोडसकट. त्या वर्षी पोस्टमनची वाट मी जितकी पाहिली तितकी नंतर कॅम्पसच्या ऑफर लेटरचीही पाहिली नाही. तिच्यावर राग नाही. वीस वर्षांची असेल. पण आता आमच्या तयारीच्या यादीत 'मुलांसाठी छोट्या भेटवस्तू' असं लिहिलंय, आणि त्या ओळीपाशी मी दर वेळी थबकतो.

हिशेब मांडायची खोड आहे, म्हणून मांडला. बाराजणांचे २२,८०० डॉलर. ऑक्टोबर १९९८मध्ये मिच वादळानं होंडुरास धुऊन काढला, तेव्हा तिथे घरं बांधायला उत्तर अमेरिकेतून असे कितीतरी गट गेले. कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञानं नंतर त्या घरांचा अभ्यास केला. प्रवासखर्च धरून पाहुण्यांनी बांधलेलं घर सुमारे ३०,००० डॉलरला पडलं होतं. तिथल्याच संस्थेनं, तिथल्याच माणसांकडून बांधून घेतलेलं सुमारे २,०००ला.

मग पैसेच पाठवावेत, संपला विषय, असं वाटतं. पण हा हिशेब जितका दिसतो तितका सरळ नाही. ते २२,८०० डॉलर कुठे पडून नाहीत. 'होंडुरासमधल्या गवंड्याची मजुरी' असं लिहून मी पत्र पाठवलं तर किती लोक देतील? लोक देतात ते मला, मी जातोय म्हणून. आमचा टीमलीडर हेच म्हणतो, वर म्हणतो की जाऊन आलेला माणूस बदलतो, आयुष्यभर देत राहतो. तो मनापासून म्हणतो. पण व्हेर बीकनं तेही तपासलं होतं, आणि जाऊन आलेल्यांच्या देण्यात फारसा फरक पडलेला त्याला दिसला नाही. तरी समजा, फरक पडतो. म्हणजे माझं मन मोठं व्हावं म्हणून तिथल्या कुणीतरी आठवडाभर गरीब दिसत राहायचं. मी नऊ वर्षांचा असताना हे काम केलेलं आहे. त्याची मजुरी एक लाल टोपी.

इव्हान इलिच या धर्मगुरूनं हे फार आधी, २० एप्रिल १९६८ला मेक्सिकोतल्या क्वेर्नावाकात अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांना तोंडावर सांगितलं होतं. या, बघा, शिका, डोंगर चढा, पण मदत करायला येऊ नका, असा त्याचा सूर. भाषण वाचताना मजा येते आणि थोडी चीडही. कारण मी नगरचा आहे. 'येऊ नका' हे सिंथिया फॅरार यांना कुणी पटवलं असतं तर? १८२७ साली त्या अमेरिकेतून मुंबईला आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे शिक्षिकेचं शिक्षण घेतलं. १८६२मध्ये त्या नगरलाच वारल्या. पस्तीस वर्षं. गॉर्डन हॉल १८१३ला मुंबईत उतरले, मराठी शिकले आणि १८२६मध्ये नाशिकच्या बाजूला पटकीनं गेले.

ही माणसं राहिली म्हणून बरोबर होती, असं मी म्हणत नाही. आपल्या धर्मांबद्दल, आपल्या लोकांबद्दल त्या काळच्या मिशनऱ्यांनी जे लिहिलंय त्यातलं बरंच माझ्यासारख्या ख्रिस्ती माणसालाही वाचवत नाही. पण जो राहतो त्याला आपली चूक भेटायला येते. शेजारीण भांडते, विद्यार्थी उलट उत्तर देतो, आपल्या तोडक्या मराठीला बाजारात हसतात. माझ्या धंद्यात आम्ही हे नियम म्हणून पाळतो: ज्यानं कोड लिहिला त्यानंच ऑन-कॉल राहायचं. रात्री तीनला फोन वाजला की आपण काय लिहून ठेवलंय ते कळतं. आठव्या दिवशी विमानात बसणाऱ्याचा फोन कधी वाजतच नाही.

आणि होंडुरासमधले बहुतेक लोक आधीच ख्रिस्ती आहेत. माझी तीन मिनिटांची साक्ष त्यांना कशासाठी हवी आहे, हे मी प्रशिक्षणात विचारलं. खोलीत जरा शांतता झाली. मग मी विचारलं की तिथल्या पाळकांना विचारू या का, तुम्हाला आम्ही हवेत की पैसे? टीमलीडरनं खरोखरच विचारलं. दोन दिवसांत उत्तर आलं: तुम्ही या, मुलं वाट बघताहेत. सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. 'पैसे' असं लिहिलं तर पुढच्या वर्षी पैसेही नाहीत आणि माणसंही नाहीत, हे त्यांना कळत नसेल? की खरंच मुलं वाट बघताहेत? मीही बघितली होतीच. हे ठरवायला माझ्याकडे काही साधन नाही.

त्या रविवारी पप्पांना फोन केला. ते त्याच शाळेत शिक्षक होते.

"पप्पा, ती ढगांची भिंत आठवते?"

"न आठवायला काय झालं! अरे, त्यांनी चुन्यावरच ऑइल पेंट मारला. पहिल्या पावसात पापुद्रे सुटले."

"मग?"

"मग काय, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मास्तरांनीच खरवडली. चार दिवस लागले. तुझे आजोबा नुसते बघून गेले, बोलले काही नाहीत."

"पण तुम्ही तेव्हाच सांगितलं का नाही त्यांना?"

"पाहुणे होते रे ते."

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "त्यातला एक म्हातारा रोज संध्याकाळी घरी यायचा, जेवायला. हातानं जेवायला तुझ्या आजीनं शिकवलं त्याला. पुढे सात-आठ वर्षं नाताळला कार्ड पाठवायचा." हे मला माहीतच नव्हतं.

परवा मी पत्र नव्यानं लिहिलं. 'सेवेसाठी' काढून टाकलं. लिहिलं की मला भिंत बांधता येत नाही, तिथला गवंडी सांगेल तसा माल कालवून देईन, भेटवस्तू नेणार नाही, फोटो काढणार नाही, मला तिथली माणसं बघायची आहेत, आणि जितके पैसे माझ्या प्रवासाला लागतील तितकेच मी माझ्या पगारातून त्या गवंड्याच्या मजुरीसाठी देईन. अकरा जणांना पाठवलं. तिघांनी पैसे दिले. टीमलीडर म्हणाला, प्रामाणिक आहे, पण इतरांना दाखवू नकोस. नगरहून मावशीचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, "बाळा, बघायलाच जायचंय तर तिकिटाचे पैसे आम्ही कशाला द्यायचे?"

तिला अजून उत्तर दिलेलं नाही. लसीची वेळ मात्र गुरुवारी साडेचारची घेतली आहे.