पिवळ्या धातूची वाटी

पेढीवर बसणाऱ्या माणसाला सापडलेलं सोनं लगेच ओळखू येतं. डागाकडे बघून नव्हे, आणणाऱ्याच्या हाताकडे बघून. स्वतःचं मोडायला आलेली बाई डाग सरळ काउंटरवर ठेवते आणि आजचा भाव विचारते. सापडलेला डाग रुमालातून निघतो आणि मूठ पुरती उघडत नाही. प्रश्न मात्र ठरलेला: "बघा की मामा, खरं हाय काय?" आमची कोल्हापूरची गुजरी अंबाबाईच्या देवळाला लागून. नवरात्रातल्या गर्दीनंतर हा प्रश्न हमखास येतो. "कुणाचं असेल?" हा प्रश्न त्याच्या मागून येतो, आणि कधी येतच नाही.

एक मावशी मंगळसूत्राच्या दोन वाट्या घेऊन आल्या होत्या. तुटलेल्या दोऱ्यात काळे मणी तसेच अडकलेले. मशीन आहे माझ्याकडे, पण ते वरवरचंच वाचतं. जाड मुलामा त्याला चकवू शकतो. म्हणून आधी कसोटीचा दगड घेतला. वाटीची कड घासून रेघ ओढली, शेजारी बावीस कॅरेटच्या सुईची रेघ, आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब. पितळ असतं तर रेघ फसफसून हिरवी झाली असती. ही जागची हलली नाही. दुसऱ्या वाटीची रेघ मात्र जरा तांबूस निघाली आणि थेंबाखाली फिकी पडली. एकाच मंगळसूत्रात दोन टंच! सोनाराला यात नवल नाही. एक वाटी माहेरची, एक सासरची. दोन गावं, दोन सोनार. मागच्या बाजूला एकीवर झिजलेला ठसा होता, दुसरीवर काहीच नव्हतं. आतल्या पोकळीत हळद वाळून घट्ट बसलेली. डाग जुना, त्यामुळे हॉलमार्कचा प्रश्नच नव्हता.

आता नव्या डागावर त्रिकोणी छाप, ९१६ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. ॲपवर तो टाकला की सराफ कोण, तपासलं कुठे, शुद्धता किती, सगळं कळतं. घातलं कुणी ते कळत नाही. त्यासाठी सराफाच्या बिलबुकापर्यंत जावं लागतं, आणि तेवढी पायपीट करायची की नाही हे काही तेजाब सांगत नाही.

मावशींना सोनं ठेवायचं नव्हतंच. आमच्याकडे सोनं हरवणं वाईट आणि सापडणंही वाईट मानतात. म्हणून त्या म्हणाल्या, "अंबाबाईच्या पेटीत टाकते, पाप नको." हे मी पुष्कळदा ऐकलंय आणि मला ते कधीच पटलेलं नाही. दुसऱ्याची वस्तू देवाला वाहण्याचा अधिकार आपल्याला दिला कुणी? पाप टळतं ते आपलं. जिची वाटी गेली तिला त्या पेटीतून काय मिळणार?

इथे लोक मला राका कुंभाराची गोष्ट ऐकवतात. पंढरपूरचे राका आणि बांका, दोघंही विरक्त. देवाने परीक्षेसाठी वाटेत सोनं टाकलं. बायकोला मोह नको म्हणून राकाने त्यावर माती लोटली, तर तिने त्यालाच विचारलं, मातीवर माती कशाला घालता? गोष्ट मोठी आहे आणि बांका नवऱ्याहून मोठी आहे. पण त्या गोष्टीत सोनं देवाचं होतं. ते शोधत कोणी रडत फिरत नव्हतं. खऱ्या रस्त्यावर सोन्याला माती म्हणून पुढे जाणारा विरक्त आणि ते खिशात घालणारा लबाड, हरवलेल्या बाईच्या दृष्टीने दोघांत फारसा फरक नाही. मला त्यापेक्षा किंमत कळणारा, खाली वाकणारा आणि चौकशी करणारा संसारी माणूस बरा वाटतो.

आपली जुनी शास्त्रंही या बाबतीत संसारीच आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितलंय की बेवारस वस्तू राजाने तीन वर्षं सांभाळावी, आणि 'माझी' म्हणणाऱ्याला रूप, संख्या विचारावी. जुळलं तरच द्यावी, खोटं बोलला तर दंड. मनूचं बाकी पुष्कळ मला मान्य नाही, हे मान्य आहे. १८६० च्या दंडसंहितेतही कलम ४०३ खाली सापडलेल्या अंगठीचंच उदाहरण होतं: मालक शोधायचा प्रयत्न न करता लगेच विकली तर गुन्हा. म्हणून मावशींना म्हटलं, ठाण्यात द्या, देवळाबाहेर कागद लावा, पण ठशाचं आणि दोन टंचांचं कागदावर लिहू नका. विचारायला काहीतरी शिल्लक पाहिजे.

याच्या उलट, एक कॉलेजचा पोरगा बोरमाळ घेऊन आला होता. तेजाबाखाली रेघ हिरवी होऊन उडाली. "खोटी आहे होय," म्हणत त्याने ती माझ्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि गेला. पितळ निघालं आणि त्याच्यापुरता मालकच संपला. धागा नवा गाठवलेला होता, चार मणी बदललेले होते. कुणीतरी ती जपून वापरत होतं. मला वाटतं, शोधायचं की नाही हे टंच बघायच्या आधी ठरायला हवं. कुठवर शोधायचं, हे नंतर किमतीवर ठरू दे.

मावशींबरोबर ठाण्यात मीही गेलो. तेजाब लावून बघितलंय असं सांगितलं तरी हवालदारांनी 'सोन्याची' लिहिलं नाही. ते पंचनाम्यात कधीच लिहीत नाहीत. 'पिवळ्या धातूच्या दोन वाट्या, काळे मणी' एवढंच. सराफ लोक या शब्दांवर हसतात. पण त्या बोरमाळेचीही नोंद तिथे अशीच झाली असती, त्याच वहीत.