‘आपण जिंकलो’ यातील ‘आपण’ कोण?

एक शंका आमच्या मनात काही दिवस घर करून होती. ती प्रथम क्षुल्लक वाटली. परंतु तिचा धागा ओढू लागलो तो आमच्याच पायात गुंतला. म्हणून ती येथे मांडतो.

सन 2025 ची कार्तिकी एकादशी 2 नोव्हेंबरला आली. ज्यांना पंढरीस जाणे झाले नाही असे आम्ही दहा-पंधराजण वणीच्या देवळात जागराला बसलो होतो. गडाकडून गार वारा सुटला होता, टाळ चांगला लागला होता. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका असतात. सारा गाव त्यांना ‘बाई’ म्हणतो. उपास कडक, पाठांतर चोख, आणि जागरातून कधी उठायच्या नाहीत. त्या रात्री मात्र नऊच्या सुमारास बाई उठल्या, देवाला नमस्कार केला आणि चालू लागल्या. चौकशी केली तेव्हा कळले की, नवी मुंबईत मुलींच्या क्रिकेटचा विश्वचषकाचा अंतिम सामना आहे, तो पाहायला गेल्या. पावसाने तो दोन तास उशिरा सुरू झाला होता. आम्ही शेजारच्या टाळकऱ्याला म्हणालो, “बघा! एकादशीची रात्र, आणि चित्त चेंडूफळीत!”

मध्यरात्रीच्या सुमारास गावात फटाके वाजू लागले. पोरे रस्त्याने ओरडत गेली, “जिंकलो! आपण जिंकलो!”

दुसऱ्या दिवशी द्वादशीच्या पारण्याला बाई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. डोळे जागरणाने तांबडे, पण तोंडावर असा आनंद की जणू घरची सून पहिलटकरीण सुखरूप सुटली. आम्ही जरा खोचकपणेच विचारले, “बाई, तुम्ही एक धाव काढली नाही, एक चेंडू टाकला नाही. मग ‘आपण जिंकलो’ यात तुमचं काय हो?”

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “बुवा, हरत होतो तेव्हाही मी ‘आपण हरलो’ असंच म्हणत होते. तेव्हा कुणी विचारलं नाही.”

हे ऐकून आम्ही पेढा हातात धरून तसेच बसलो.

वाचकहो, आता पूर्वपक्ष नीट पाहू. कोणी म्हणेल, हा सारा मोहाचाच प्रकार आहे. ‘मी’ सोडावा म्हणून संत कंठशोष करतात, आणि हा माणूस तोच ‘मी’ फुगवून त्याला ‘आपण’ म्हणतो. श्रम दुसऱ्याचे, घाम दुसऱ्याचा, आणि फळाला हात याचा! हे बोलणे खोटे नाही. जिंकल्याच्या दिवशी झेंडा घेऊन नाचणारे आणि हरल्याच्या दिवशी त्याच खेळाडूंना शिव्या घालणारे लोक आपण रोज पाहतो. जो हारीत वाटेकरी नाही, त्याचे जितीतले ‘आपण’ हे नुसते उसने पागोटे.

पण बाईंचा हिशेब निराळा. 1978 साली मुलींचा विश्वचषक भारतात भरला, आपल्या मुली त्यात प्रथमच उतरल्या आणि तिन्ही सामने हरल्या. बाई तेव्हा अठरा वर्षांच्या. वर्तमानपत्रातली बोटभर बातमी त्यांनी कापून ठेवली. त्या काळच्या खेळाडू रेल्वेच्या साध्या डब्यातून सामानासकट जात, मिळेल तेथे जमिनीवर पथारी टाकून निजत. 2005 साली दक्षिण आफ्रिकेत अंतिम सामना ऑस्ट्रेलियाशी 98 धावांनी हरलो. 2017 साली लॉर्ड्‌सवर इंग्लंडशी तर अवघ्या 9 धावांनी. जिंकत आलेला डाव, शेवटचे सात गडी 28 धावांत गेले. त्या रात्री बाईंना जेवण गेले नव्हते म्हणे. गावात ते बोलायला त्यांना दुसरे माणूस नव्हते.

आणि या वेळीही वाट सरळ नव्हती. साखळीत ओळीने तीन सामने हरले. मग उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या 338 धावा. आमच्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 काढून तो डोंगर ओलांडला. अंतिम सामन्यात आपल्या 298 झाल्या. शफाली वर्मा मुळात संघात नव्हती, दुसरी जायबंदी झाली म्हणून ऐनवेळी आली, आणि तिने 87 काढल्या. दीप्ती शर्माने अर्धशतक करून पाच गडी बाद केले. दक्षिण आफ्रिका 246 वर आटोपली.

या संघाचे गुरू अमोल मुझुमदार. 1988 साली शालेय सामन्यात तेंडुलकर व कांबळी यांनी 664 धावांची अभंग भागीदारी केली, तेव्हा पायाला पॅड बांधून पुढच्या पाळीची वाट पाहत बसलेला मुलगा तो हाच. पुढे मोठ्या सामन्यांत 11,000 हून अधिक धावा केल्या, तरी भारताच्या संघात त्यांची पाळी आली नाही ती नाहीच. मग ते श्रम वाया गेले काय? दुसऱ्यांच्या पाळीसाठी ते कामी आले. वाट पाहणे म्हणजे रिकामे बसणे नव्हे, हे तेथे दिसते.

आता उत्तरपक्ष. चषक हाती आल्यावर त्या मुलींनी काय केले? मिताली राज आणि झुलन गोस्वामी या दोघी 2022 साली निवृत्त झालेल्या, दोन्ही हरलेल्या अंतिम सामन्यांत खेळलेल्या. त्यांना मैदानात बोलावून चषक त्यांच्या हाती दिला. म्हणजे ज्यांनी घाम गाळला त्यांनीच सांगितले की हे आमचे एकट्यांचे नव्हे. बाई मागून म्हणत होत्या ‘आपण’, त्या मुली पुढून म्हणाल्या ‘आपण’. दोन्ही बाजूंनी म्हटले जाते तेव्हा त्या शब्दातला फुगीर ‘मी’ गळून पडतो.

येथे आम्हांस वाटले, कसोटी सापडली: हारीत जो होता त्यालाच जितीत हक्क. आम्ही ती बाईंपुढे ठेवली आणि म्हणालो, “मग रात्री ओरडणारी ही पोरं? यांना तर कालपर्यंत एका मुलीचं नाव ठाऊक नव्हतं.” बाई हसल्या. “अहो, पहिला पेढा त्यांनाच दिला की! कुणी पहिल्या वर्षी आला, कुणी चाळिसाव्या. आला ना? मग रांगेत जागा द्यायची.” जरा थांबून म्हणाल्या, “त्या आफ्रिकेच्या कर्णधार पोरीचं वाईट वाटलं. शंभर धावा काढल्या बिचारीनं. तिच्याही गावात माझ्यासारखी कुणी जागत असेल.”

हक्काची भाषा आमची होती. बाईंच्या तोंडी ती आलीच नाही. ‘आपण’ खरा असला की तो रुंदावत जातो आणि समोरच्या हरलेल्यालाही कवेत घेतो. खोटा असला की शेजारचा माणूसही दिसत नाही. त्याच वर्षी 4 जूनला बंगळूरला 18 वर्षांनी मिळालेल्या एका विजयाच्या उत्सवात चेंगराचेंगरी होऊन 11 जीव गेले.

आता आमची गोष्ट. वीस-बावीस वर्षांपूर्वी बाईंनी स्वतःच्या पगारातून शाळेतल्या मुलींसाठी बॅट-चेंडू आणला होता. एक मुलगी फार छान खेळे. बाई तिला नाशिकला शिकायला पाठवू पाहत होत्या. तिचा बाप आमच्याकडे सल्ल्याला आला. आम्ही म्हणालो, “मुलीच्या जातीला कशाला हे खूळ?” आणि ते तेथेच थांबले. द्वादशीच्या दिवशी हे आम्ही बाईंना सांगून टाकले. त्या म्हणाल्या, “ठाऊक होतं, बुवा. तेव्हाच कळलं होतं.” आणि पुडा पुढे केला, “अजून एक घ्या.”

खेळ तो खेळच; त्याला भजनाच्या पंगतीला बसवावे असे आमचे म्हणणे नाही. पण त्या एकादशीच्या रात्री देवळातून कोण उठून गेले, याचा विचार आम्हांस सोडवत नाही. बाई जाताना देवाला सांगून गेल्या. आम्ही जाग्यावर बसून टाळ वाजवीत होतो, आणि चित्त मात्र कोण उठले, कोण गेले याच्या मागे गावभर हिंडत होते. जागर कोणाचा मोडला?

वाचकहो, दुसऱ्याच्या आनंदाला ‘यात तुझे काय?’ असे विचारण्यापूर्वी, त्याच्या दुःखाच्या दिवशी आपण कोठे होतो हे एकदा स्वतःला विचारावे. आम्ही विचारले. उत्तर सुखाचे आले नाही. परंतु या वर्षी शाळेतल्या मुलींसाठी नवी बॅट आली, तिची वर्गणी आम्ही न मागता दिली. ती त्या एका मुलीची भरपाई नव्हे, हे आम्ही जाणतो.