जागा दिली, पगाराचं काय?

पुणे-मिरज लोहमार्गावरच्या किर्लोस्करवाडी स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर आपली यंत्रं घेऊन तिथे आले, तेव्हा त्या माळावर निवडुंग होता आणि नाग होते. बेळगावात त्यांचा नांगराचा कारखाना कुठे जरा मूळ धरत होता, तोच नगरपालिकेला शहर वाढवण्यासाठी ती जागा हवी झाली. कारखाना हलवा म्हणजे हलवा, त्यात दयामाया नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मात्र आपल्या संस्थानातल्या कुंडल भागातली ३२ एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपयांच्या कर्जाची सोयही करून दिली. राजे त्याच्या आदल्याच वर्षी गादीवर आलेले. संस्थान एवढंसं, तेही विखुरलेलं: औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ पार विजापूरच्या अंगाला. राजांची ख्याती सूर्यनमस्कारांसाठी आणि चित्रकलेसाठी. यंत्रविद्येचा आश्रयदाता म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

कोणता प्रदेश संशोधनाला किती हात देतो, ही चर्चा निघाली की हल्ली लगेच टक्केवारी निघते. दक्षिण कोरिया आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास संशोधनावर खर्च करतो आणि आपण २०२०-२१ मध्ये ०.६४ टक्के केला. हे खरंच आहे आणि लाजिरवाणंही आहे. पण या आकड्याच्या पोटातला दुसरा आकडा मला जास्त बोचतो. त्या वर्षी देशाच्या एकूण संशोधन खर्चात सगळ्या राज्य सरकारांचा मिळून वाटा होता ६.७ टक्के. म्हणजे संशोधन हे दिल्लीचं काम, असं सगळ्या राज्यांनी जवळपास ठरवून टाकलेलं आहे. राज्यं जागा देतात, पाण्याची जोडणी देतात, कोनशिलेला मंत्री देतात. पगार दिल्लीने द्यायचे.

लक्ष्मणरावांकडे परत येऊ. त्यांच्या कारखान्याकडे आपण उद्योग म्हणून पाहतो, पण सुरुवातीची वर्षं पाहिली तर ते सरळसरळ संशोधन होतं. परदेशी लोखंडी नांगर समोर ठेवून आपल्या जमिनीला, आपल्या बैलांना झेपेल असा नांगर बनवायचा. फाळ लवकर झिजता कामा नये आणि किंमत शेतकऱ्याच्या आवाक्यात राहिली पाहिजे. वर शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंडाने जमिनीत विष भिनतं. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. मधली दोन वर्षं पोसली कुणी? सरकारने नाही, विद्यापीठाने नाही. त्याआधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये लक्ष्मणराव शिकवत होते. तिथली बढती हिंदी माणूस म्हणून नाकारली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला गेले होते. शिकवणाऱ्या संस्थेला त्यांचा हात कळला नाही. लहानशा संस्थानाला कळला. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. कराडजवळची ओगलेवाडीही त्याच काळातली. तिथल्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात महाराष्ट्राच्या निदान दोन पिढ्यांनी अभ्यास केला.

पण गोष्ट इथे थांबवली की ती अर्धवट राहते. किर्लोस्करांनी लेथ बनवायला घेतले ते १९४१ साली हरिहरला, म्हणजे म्हैसूर संस्थानात. १९४६ मध्ये विजेच्या मोटारी बंगळुरूला गेल्या आणि डिझेल इंजिनं पुण्याला. पंप वाडीतच राहिले आणि पंपांवरचं संशोधनही आजवर तिथे चालतं, हे खरं. पण घराण्याचा विस्तार ज्या दिशांनी झाला त्यात औंध नव्हतं. यात राजांचा दोष काढण्यात अर्थ नाही. बहात्तर गावांच्या वसुलीतून किती व्हावं? जमीन त्यांच्याकडे होती, ती त्यांनी दिली. वीज, पोलाद, अभियंत्यांची शाळा या गोष्टी देणं त्यांच्या आवाक्यातच नव्हतं.

म्हैसूरच्या आवाक्यात त्या होत्या. शिवसमुद्रमचं वीजघर १९०२ सालचं. जमशेटजी टाटांनी विज्ञानसंस्थेसाठी आपल्या मुंबईतल्या इमारती आणि जमिनी देऊ केल्या. पण संस्था कुठे काढावी याचा कौल रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसे यांनी बंगळुरूच्या बाजूने दिला. म्हैसूर दरबाराने ३७१ एकर जमीन दिली, बांधकामाला पाच लाख दिले आणि शिवाय वर्षाला पन्नास हजारांचं अनुदान बांधून दिलं. या तीन देणग्यांमधली शेवटची मला सगळ्यात मोठी वाटते. जमीन एकदा द्यायची असते आणि तिचा फोटो निघतो. दरसालचं अनुदान म्हणजे दरसाल कुणीतरी उठून विचारणार, यंदा काय निघालं? आणि यंदा काही निघालं नाही, हे उत्तर ऐकून घेऊन पुन्हा पैसे द्यायचे. टाटांची मिळकत मुंबईची, मालक मुंबईचा, आणि विज्ञान मात्र बंगळुरूचं झालं, याचं मराठी माणसाला जे वाटायचं ते वाटो. बडोद्याच्या सयाजीरावांनीही १८९० मध्ये कलाभवन काढून असाच लांबचा विचार केला होता. राजा मराठी, फायदा गुजरातचा.

आणि आपण? लोकवर्गणीची कल्पना आपल्याला अपरिचित नव्हती. पैसा फंडाने घरोघरी एकेक पैसा गोळा करून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा केला. कारखान्यासाठी पैसा निघत होता. प्रयोगशाळेसाठी निघायला मात्र फार उशीर झाला. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकार यांनी विज्ञानासाठी लोकांच्या देणग्यांवर संस्था काढली ती १८७६ साली; पुण्यात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी स्थापन झाली १९४६ साली. सत्तर वर्षांचं अंतर. ती काढणारे शंकर पुरुषोत्तम आघारकरही कलकत्ता विद्यापीठात आयुष्याची उमेदीची वर्षं घालवून आलेले. कलकत्त्याच्या त्या संस्थेत रामन परिणामाचा शोध लागला १९२८ साली, म्हणजे स्थापनेनंतर बावन्न वर्षांनी. बावन्न वर्षं देणगीदारांनी, सभासदांनी, विश्वस्तांनी ती वास्तू चालू ठेवली. आपल्याकडे एखाद्या संस्थेच्या पाचव्या वर्धापनदिनाला लोक विचारू लागतात, समाजाला काय मिळालं?

तरीही या भागाला संशोधनाची भूक नाही, असं कुणी म्हटलं तर मी ते मान्य करणार नाही. कुंडलपासून तासगाव तालुका हाकेच्या अंतरावर. तिथल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांच्या बागेतून द्राक्षाचं ‘तास-ए-गणेश’ वाण आलं. थॉमसन सीडलेसमधूनच निवडलेलं. अशी निवड कशी होते, ते बागाईतदाराला विचारा. हजारो काड्यांत एखाद्या काडीवरचा घड निराळा दिसतो. बहुतेक जण घड तोडून पेटीत भरतात. एखादाच ती काडी खुणेने बांधून ठेवतो, तिच्या डोळ्यांची कलमं करतो, मग दोन-चार हंगाम तोच निराळेपणा टिकतो का ते पाहतो. टिकला नाही तर तेवढी ओळ वाया. सोलापूरच्या नान्नजला नानासाहेब काळ्यांनी ‘सोनाका’ अशीच मिळवली. हा सगळा खर्च कोणत्याही सरकारी आकडेवारीत नाही, ०.६४ मध्येही नाही आणि ६.७ मध्येही नाही.

ऊस ही उलटी बाजू. आमच्याकडे उसाला तुरा आला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. तुरा आला म्हणजे वाढ थांबली आणि उतारा घसरणार. कोइमतूरला त्याच तुऱ्यासाठी १९१२ साली आख्खी संस्था निघाली, कारण तिथल्या हवेत ऊस चांगला फुलतो आणि फुलल्याशिवाय संकर करता येत नाही. सांगली-साताऱ्यात आज ज्या ८६०३२ या वाणावर कारखाने चालतात, त्याचा जन्म कोइमतूरचा. आपल्याकडे पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आहे आणि फुले २६५ सारखं वाण त्याने दिलं. १९७५ साली साखर कारखान्यांनी पुण्याजवळ मांजरीला स्वतःची संस्था काढली, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. कारखाने गाळपाच्या हिशेबाने तिला वर्गणी देतात. माझ्या मते महाराष्ट्राने संशोधनासाठी शोधलेली ही सर्वांत शहाणी व्यवस्था आहे. त्यात राजा नाही, दिल्ली नाही. शेतकऱ्याच्या उसातूनच संशोधकाचा पगार निघतो. कोनशिलेपेक्षा हे कितीतरी बरं. फक्त एक अडचण राहते. वर्गणी पुण्याला जाते, आणि गावचा प्रश्न गावातच राहतो.

गावचा प्रश्न कोणता? कृष्णाकाठी कुणालाही विचारा, उत्तर एकच: क्षारपड. जास्त पाण्याने, निचऱ्याच्या अभावाने काळ्या जमिनीवर पांढरा थर येतो आणि एकेकाळी साठ-सत्तर टनाचा ऊस देणाऱ्या रानात नुसतं गवत उरतं. यावर उपाय अज्ञात नाही. जमिनीखाली सच्छिद्र पाइपांचं जाळं घालून खारट पाणी ओढ्यात काढायचं, हे तंत्र कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संस्थेने वर्षानुवर्षं तपासलेलं आहे. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने ते काम सभासदांच्या रानात करून दाखवलं. पण कर्नाल हरियाणात. तिथली माती वेगळी, पाऊस वेगळा, पीक वेगळं. आपल्या चिकट काळ्या मातीत पाइप किती खोल घालावा, दोन ओळींत किती अंतर ठेवावं, ओढा आधीच भरला असेल तर पाणी कुठे सोडावं, याची उत्तरं इथेच, इथल्या रानात, पाच-दहा वर्षं मोजमाप ठेवून मिळतील. कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे. ते या कामाला हाताशी आहे. कुंडललाही वन अकादमी आहे, पण तिथे वनाधिकारी घडतात. प्रशिक्षण ही वेगळी गोष्ट. त्यात माहीत असलेलं शिकवतात. माहीत नसलेलं शोधायला माणूस बसवावा लागतो.

म्हणून वाचकांपैकी जे कोणी साखर कारखान्याचे सभासद असतील, त्यांना एक सांगणं आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल घरी येतो. त्यात एफआरपी असते, उतारा असतो, मळीचा भाव असतो. या वेळी तो उघडून संशोधनाच्या नावाखाली किती रक्कम आहे ते पाहा. मांजरीच्या वर्गणीपलीकडे काही नसेल तर सभेत उभं राहून विचारा, की आपल्याच गटातल्या क्षारपड रानावर सलग दहा वर्षं काम करणाऱ्या एका मृदाशास्त्रज्ञाचा पगार टनामागे किती पैशांत बसतो. अध्यक्षांनी ‘विचार करू’ म्हटलं तर पुढच्या सभेला पुन्हा विचारा.