ससा कुणाचा?



घरात बाळ येणार असे कळले की आपल्याकडे सुया आणि लोकर बाहेर निघतात. कोणी टोपरे विणते, कोणी मोजे, कोणी झबले शिवते. गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे क्रोशाने विणलेला लहानसा प्राणी. ससा, हत्ती, अस्वल किंवा कोकरू. कधी तो पुरता प्राणी असतो, तर कधी वर कापूस भरलेले डोके आणि खाली चौकोनी रुमाल, म्हणजे बाळाच्या मुठीत तो सहज मावावा आणि रडू आले की गालाशी धरता यावा. जपानी लोक अशा विणलेल्या खेळण्यांना 'अमिगुरुमी' म्हणतात. हा शब्द आता आपल्या मुलींच्याही तोंडी रुळला आहे.

वस्तू लहान, पण तिच्यामागे एक मोठा प्रश्न दडलेला आहे. समजा, आजीने जीव ओतून एक ससा विणला. नातवाने तो चोखला, जमिनीवरून फरफटवला, डाळभातात बुडवला. किंवा त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता तो प्लॅस्टिकच्या मोटारीमागे धावला. आजीला वाईट वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. मग आई ससा काढून घेते, धुते आणि दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवून देते. "आजीने किती मेहनतीने केलंय, खराब करू नकोस!" काचेआडचा ससा स्वच्छ राहतो आणि मूल बाहेरून बघत बसते. आमचा प्रश्न एवढाच आहे की तो ससा आता कुणाचा? दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचा हक्क किती उरतो?

उत्तराकडे वळण्याआधी या कामात काय लागते ते पाहू. ससा मुक्या खांबांनी गोल गोल विणत न्यायचा असतो. पहिल्या फेरीत सहा टाके, दुसरीत बारा, तिसरीत अठरा, असे वाढवीत डोके आकाराला येते आणि मग त्याच हिशेबाने टाके कमी करीत ते मिटवायचे. मोजणीत एक टाका चुकला तरी चेहरा वाकडा होतो. सरावलेल्या हातालाही काही संध्याकाळी द्याव्या लागतात. विणण्याची यंत्रे पुष्कळ आहेत, पण खरा क्रोशा कारखान्यातल्या यंत्रावर निघत नाही. तो हातानेच करावा लागतो.

शिवाय हे काम बाळासाठी असल्यामुळे विणणारीला आपल्या हौसेला मुरड घालावी लागते. चकचकीत मण्यांचे डोळे सुंदर दिसतात, पण मणी किंवा बटण सुटून बाळाच्या घशात अडकू शकते. म्हणून डोळे दोऱ्याने भरायचे. नक्षीचा सैल टाका देखणा दिसतो, पण त्यातून आतला कापूस बाहेर येतो. म्हणून बारीक सुई घेऊन घट्ट विणायचे. केसाळ लोकर गोजिरवाणी खरी, पण तिचे तंतू बाळाच्या तोंडात जातात. म्हणून साधा सुती धागा बरा. आपल्या नवी मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः जुलै महिन्यात, ससा धुतल्यावर आतून वाळेल की नाही हेही आधीच पाहायला हवे. कान आणि पाय शिवून झाले की जोर लावून ओढून बघायचे. आणि बाळाचे पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत झोपेच्या वेळी ही वस्तू पाळण्यात ठेवायची नाही, कारण मऊ वस्तूने श्वास कोंडण्याचा धोका असतो असे बालरोगतज्ज्ञ बजावतात. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. आजीच्या सशाची तपासणी करायला मात्र कोणी निरीक्षक येत नाही. तेथे तिची सदसद्विवेकबुद्धी हीच निरीक्षक.

याचा अर्थ असा की, पहिला टाका घालण्यापूर्वीच विणणारीने एक गोष्ट मान्य केलेली असते. ही वस्तू मला कशी आवडते याला महत्त्व नाही, बाळाला काय हवे याला आहे. विणताना आपण जो त्याग स्वीकारतो तोच दिल्यानंतर नाकारावा, हे सुसंगत आहे का?

इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात बाळाच्या अशा लाडक्या वस्तूचा विचार मांडला. बाळाला हळूहळू कळू लागते की आई म्हणजे मी नव्हे. ती येते आणि जातेही. या कठीण काळात एखादी चिंधी, दुपट्याचे टोक किंवा मऊ प्राणी त्याला आधार देतो. आई आणि बाहेरचे जग यांच्यामधला तो पूल असतो. विनिकॉट सांगतात की बाळाने त्या वस्तूवर प्रेम करावे, राग काढावा, ती चोळामोळा करावी, आणि तरीही ती टिकून राहावी. तिच्यात बदल करायचा तर तो बाळाने करावा, मोठ्यांनी नव्हे. ती तुला दुसऱ्याने दिली की तुझी तूच शोधलीस, या वादात तर मोठ्यांनी पडूच नये. बाळासाठी ती सर्वस्वी त्याची असते.

आपल्या आज्यांना हे निबंध न वाचताही ठाऊक होते. नव्या बाळासाठी त्या नवे कोरे कापड काढीत नसत. आईच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे करीत आणि गोधडी शिवीत. त्या गोधडीला आईचा वास असे. गोधडी ओली होणार, मळणार, फाटणार हे गृहीतच होते. गोधडी खराब केली म्हणून तान्ह्या बाळाला कोणी रागावल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आज आपल्या शहरात या आधाराची गरज अधिकच आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीच्या या बाजूला नवे शहर उभे राहू लागले. आगरी-कोळी बांधवांची मूळ गावे सोडली तर आपल्यापैकी बहुतेकांची कुटुंबे बाहेरून येथे आली. आजी वसईला, सावंतवाडीला, गोव्याला किंवा आणखी दूर राहते. आईबाबा सकाळी हार्बरची गाडी पकडतात आणि बाळ पाळणाघरात जाते. त्याच्या पिशवीत डबा, कपडे आणि तो मळका ससा. दुपारी झोपताना बाळाच्या हातात घरचे असे तेवढेच असते. तो ससा जर शोकेसमध्ये असेल, तर त्याचा उपयोग पाहुण्यांना झाला, बाळाला नाही.

कोणी म्हणेल, मळका झाला तर तसाच नवा आणू. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांनी एक 'नक्कल करणारे यंत्र' दाखवले. खरे तर त्या नुसत्या दोन पेट्या होत्या. साध्या खेळण्याची नक्कल घ्यायला मुले खुशीने तयार होती. पण ज्या वस्तूला बिलगून ती झोपत, तिची गोष्ट वेगळी होती. काही मुलांनी ती यंत्रात ठेवूच दिली नाही, आणि ज्यांनी ठेवू दिली त्यांतल्या बहुतेकांना आपली मूळचीच वस्तू परत हवी होती. आजीने डझनभर ससे विणले तरी त्यांतला एकच बाळाचा असतो. तो 'एकच' होतो तो बाळाने त्याच्यासोबत काढलेल्या दिवसांमुळे. आजी ससा बनवते, पण 'माझा ससा' हे काम बाळालाच करावे लागते. आणि तो बाळाने निवडलाच नाही, आईच्या ओढणीचे टोक निवडले, तर तोही त्याचा हक्क आहे.

पवित्र शास्त्रातील हन्नाची आठवण येथे होते. कितीतरी वर्षांच्या प्रतीक्षेनंतर झालेला मुलगा शमुवेल तिने लहानपणीच शिलोच्या मंदिरात देवाच्या सेवेला दिला. त्यानंतर ती दरवर्षी एक लहानसा झगा करी आणि वार्षिक यज्ञाला पतीबरोबर जाताना त्याच्यासाठी घेऊन जाई. आपण क्षणभर थांबून विचार करावा. वर्षातून एकदा दिसणाऱ्या मुलाचे माप ती कशी घेत असेल? बाह्या किती लांब, उंची किती, हे अंदाजानेच ठरवावे लागले असेल. झगा दिला म्हणून तिने मुलगा परत मागितला नाही. तिने हक्क सोडला होता, प्रेम सोडले नव्हते. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे हन्ना आपल्याला दाखवते.

येथे एक आक्षेप येईल. मुलांनी मग कोणाचे उपकार मानायचेच नाहीत काय? वस्तूंची नासधूस करू द्यायची काय? तसे आमचे म्हणणे नाही. मूल जाणते झाले की हा ससा आजीने कसा विणला ते त्याला जरूर सांगावे. जमल्यास हातात सुई देऊन चार साखळ्या घालायला शिकवाव्यात. स्वतःची साखळी दहादा उसवली की दुसऱ्याच्या कष्टांची किंमत आपोआप कळते. अशी उमजून आलेली कृतज्ञता खरी. धाक घालून वसूल केलेली कृतज्ञता ही कर्जफेड असते, आणि कर्जदार मनुष्य सावकारावर प्रेम करतो असे सहसा दिसत नाही.

मात्र एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. देणगीवर देणाऱ्याचा हक्क उरत नाही, पण मजुरीवर कष्टकऱ्याचा पूर्ण हक्क असतो. आता असे ससे विकतही मिळतात. बचत गटाच्या प्रदर्शनात आपण तो हातात घेतो आणि म्हणतो, "घरबसल्या तर करता, एवढे कशाला?" क्रोशा यंत्रावर होत नसल्यामुळे अगदी स्वस्तात मिळणारा ससाही कोणाच्या तरी हातांनीच विणलेला असतो, हे आपण विसरतो. आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या क्रोशा लेस विणणाऱ्या स्त्रियांवर मारिया मीस यांचे पुस्तक १९८२ साली आले. त्या स्त्रिया परदेशी बाजारासाठी दिवसभर राबत, पण त्यांना कामगार न मानता फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी मानले जाई आणि मजुरीही तशीच तुटपुंजी मिळे. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात धर्मभगिनींनी कॉन्व्हेंटमधून मुलींना क्रोशा शिकवला, तो त्यांच्या घरी चूल पेटावी म्हणून. आजीने प्रेमाने दिलेल्या सशाची किंमत होत नाही, हे खरे. पण तेच वाक्य विकणाऱ्या बाईपुढे म्हणून तिचे दाम पाडणे हा अन्याय आहे.

आता सशापेक्षा मोठ्या गोष्टीकडे वळू. मुलांना आपण फक्त खेळणी देत नाही. शाळा देतो, क्लासची फी भरतो, घरासाठी कर्ज काढतो, रात्रीचा दिवस करतो. आणि मग दहावीचा निकाल लागतो, किंवा मुलगी निराळी शाखा निवडते, किंवा मुलगा दूर नोकरीला जायचे म्हणतो, तेव्हा आपल्या तोंडून निघते, "तुझ्यासाठी आम्ही काय काय केले!" मुलांनी आपले पांग फेडावेत अशी आपली अपेक्षा असते. आपण विणलेले आयुष्य त्यांनी काचेआड जपून ठेवावे, त्याला डाग लागू देऊ नये, असे आपल्याला वाटते. पण जे दिले ते त्यांनी वापरावे, त्यांच्या पद्धतीने वापरावे, प्रसंगी झिजवावे, यासाठीच दिले होते ना? वृद्ध आईवडिलांना सांभाळणे हे मुलांचे कर्तव्य आहेच. ते त्यांनी प्रेमाने करावे. पण लहानपणीच्या प्रत्येक घासाची पावती समोर ठेवून ते मागणे आईबापांना शोभत नाही.

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. बाळासाठी काही विणाल तेव्हा मजबूत विणा, निर्धोक विणा, आणि हातातून दिल्यावर हातही सोडा. धुवायचा झाला तर बाळाला सांगून धुवा. जुना झाला म्हणून त्याला न विचारता टाकून देऊ नका. आणि एखाद्या दिवशी तो ससा पलंगाखाली धूळ खात पडलेला दिसला तर मनाला लावून घेऊ नका. विनिकॉट यांनीही लिहून ठेवले आहे की अशी वस्तू विसरली जात नाही आणि तिच्यासाठी कोणी शोकही करीत नाही. तिची गरज हळूहळू संपते. मूल आता तिच्यावाचून झोपू शकते. आपण विणले होते ते त्याचसाठी.